लताबाईंनी सुचवलेली त्रेचाळीस पुस्तकं

नाशिकरोडला जेल रोडच्या अंगाला एक वाचनालय आहे. तिथे पुस्तक बदलायला येणारा सभासद सहसा पुस्तकाचं नाव सांगत नाही. जुनं पुस्तक काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "द्या काहीतरी चांगलं." कपाटांपाशी जाऊन शोधाशोध करायची पद्धत तिथे कधी पडलीच नाही. त्यामुळे चांगलं म्हणजे काय, हे काउंटरपलीकडे बसलेलं माणूस ठरवतं. गेली पंधरा वर्षं ते माणूस म्हणजे लताबाई पगारे.

कोणाला काय रुचतं हे त्यांना तोंडपाठ. कोणत्या आजींना शेवट गोडच लागतो, कोणत्या मास्तरांना पुस्तकात एक तरी चूक सापडल्याशिवाय झोप येत नाही, कोण पुस्तक न उघडताच परत आणतो आणि वर "छान होतं" म्हणतो, सगळं डोक्यात. पण लताबाई जशा लोकांच्या आवडी विसरत नसत, तसे अपमानही विसरत नसत. एखादा बोल लागला तर त्या भांडत नसत, रडत नसत. दिवस, वेळ आणि शब्द मनात नीट घडी घालून ठेवत आणि वाट पाहत.

वाचनालयात त्या आल्या त्या केर काढायला. साल दोन हजार. नवरा वारलेला, पदरात दोन मुली. कर्मचाऱ्यांचा चहा आला की लताबाईंचा चहा खिडकीतल्या कान तुटलेल्या कपात ओतला जायचा, आणि तो कप बाकीच्या कपांबरोबर विसळला जात नसे. तोंडाने कोणी काही म्हटलं नाही. फक्त तो कप खिडकीत असायचा. चौतिसाव्या वर्षी त्या दहावी झाल्या, पुढे ग्रंथालयाची प्रमाणपत्र परीक्षा दिली, आणि दहा वर्षांनी केरसुणी खाली ठेवून काउंटरवर बसल्या. ज्या दिवशी बसल्या त्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात जाऊन त्यांनी तो कप भिंतीवर फेकून फोडला. तुकडे त्यांनी भरले नाहीत. ते आता त्यांचं काम नव्हतं.

त्यांचे आवडते सभासद होते जयराम दोंदे. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, तरुणपणी पँथरच्या मोर्चांत लाठ्या खाल्लेले. दोंद्यांचा छंद वेगळाच. जगभरच्या काळ्या लेखकांची पुस्तकं ते जमवत. अमेरिकेतले, आफ्रिकेतले, वेस्ट इंडीजच्या बेटांवरचे. मराठीत आणलेली जितकी मिळतील तितकी, उरलेली इंग्रजीत. "बाई, आपल्या पोरांनी पँथर हे नाव त्यांच्याकडून उचललं," ते म्हणायचे. "नाव घेतलं, मग त्यांचं म्हणणं नको वाचायला?"

मरणाच्या वर्षभर आधी ती सगळी पुस्तकं, एकूण त्रेचाळीस, त्यांनी स्वतःच्या लोखंडी कपाटासकट वाचनालयाला दिली. हातगाडीवर कपाट घेऊन स्वतः आले आणि लताबाईंना म्हणाले, "कागदावर मी हे मंडळाला देतोय. खरं तुला देतोय. मंडळ कुलूप लावेल. तू उघडत राहा."

लताबाईंनी आधी स्वतः वाचायला घेतली. हाताला लागलं ते पहिलं पुस्तक एका धोबिणीच्या आठवणींचं. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांच्या घरचे कपडे धुणारी काळी बाई. पाणी प्यायचा तिचा पत्र्याचा डबा मागच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेला असे. तेवढं पान वाचून लताबाईंनी पुस्तक मिटलं, आणि समोरच्या सभासदाला म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबा." सभासदाला थांबवण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

कपाट आलं त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचा कार्यक्रम झाला. प्रत्येक कर्मचाऱ्याने आवडत्या पुस्तकावर चार मिनिटं बोलायचं असं ठरलं. लताबाईंनी आठ दिवस आरशासमोर तयारी केली. सभागृहात साठ-सत्तर माणसं. त्या धोबिणीबद्दल बोलल्या, चांगलं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "तिचा डबा टांगायचा तो खिळा मी पाहिलेला नाही. पण तो खिळा मला माहीत आहे. तुम्ही वाचलंत तर तुम्हालाही कळेल."

माणसं पुढे झुकून ऐकत होती. तेवढ्यात व्यासपीठावरून वाचनालयाचे कार्यवाह शेखरराव पाटणकर यांनी माईक ओढला. शेखरराव म्हणजे जुने बांधकाम व्यावसायिक, शिवाय लेखक. मुलगा अमेरिकेत. त्याच्याकडे जाऊन आल्यावर त्यांनी 'लेकाच्या देशात चाळीस दिवस' हे प्रवासवर्णन स्वतःच छापलं होतं आणि अकरा प्रती वाचनालयाला सप्रेम भेट दिल्या होत्या.

"लताबाईंचं कौतुक करू तेवढं थोडं," शेखरराव म्हणाले. "केरसुणीची सवय असलेल्या हाताने पुस्तक धरलं, हीच मोठी गोष्ट." लोक हसले. हसू आल्यावर शेखररावांना जोर चढला. "पण बाई, हे काळ्यांचं रडगाणं आपल्या वाचकांच्या गळ्यात कशाला? मी तो देश पाहून आलोय. आणि रडायचंच असेल तर आपल्याकडे विषय काय कमी आहेत?" पुन्हा हशा.

लताबाई खाली येऊन आपल्या खुर्चीवर बसल्या. पहिल्या रांगेत कोण हसलं, दुसऱ्या रांगेत कोण हसलं, ते त्यांनी पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोंद्यांचं कपाट कुलूप लावून माळ्यावर गेलं. शेखरराव म्हणाले, "खाली जागा नाही." महिनाभराने जयराम दोंदे वारले. अंत्ययात्रेत चालताना लताबाईंच्या मनात दुःखाहून राग जास्त होता. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

माळ्यावर झाडपूस करायला किल्ली मागून त्या वर जात आणि एकेक पुस्तक पदराखाली घेऊन येत. अडीच वर्षांत त्रेचाळीसही वाचून झाली. इंग्रजी अकरा होती. त्यांना शब्दकोश घेऊन जास्त वेळ लागला. काही पुस्तकं त्यांना आवडली नाहीत. एक कवितांचं तर अजिबात कळलं नाही. पण त्यांतली माणसं ज्या पद्धतीने राग सांभाळतात ते त्यांना फार आवडलं. कोणी तो राग स्वयंपाकात घालत होतं, कोणी गाण्यात, कोणी तीस वर्षं दातांखाली धरून बसलं होतं. लताबाईंना वाटलं, ही आपलीच बिरादरी.

गेल्या जुलैत शेखररावांनी कर्मचाऱ्यांची बैठक घेतली. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी वातानुकूलित अभ्यासिका करायची होती, त्यासाठी पुस्तकं कमी करायची. "नियम साधा," ते म्हणाले. "तीन वर्षांत जे पुस्तक एकाही सभासदाने नेलं नाही ते बाद. तारीख एकतीस डिसेंबर. कर्मचाऱ्यांनी नेलेलं धरायचं नाही." मग लताबाईंकडे बघून हसले. "माळ्यावरचं ते काळं कपाट सगळ्यात आधी जाईल. काय बाई?"

"नियम सगळ्यांना सारखा ना, साहेब?" लताबाईंनी विचारलं.

"अर्थात. पुस्तक कोणाचं का असेना."

"मग इतिवृत्तात तसंच लिहा, सर," लताबाई ग्रंथपालांना म्हणाल्या. ग्रंथपाल समाधान गांगुर्डे हे सज्जन आणि भित्रे गृहस्थ. त्यांनी कार्यवाहांकडे पाहिलं, कार्यवाहांनी मान हलवली, आणि वाक्य लिहिलं गेलं: पुस्तक कोणाचेही असो.

बैठक संपल्यावर समाधान सर हळूच म्हणाले, "बाई, काळजी करू नका. मी दोन-चार सभासदांच्या नावावर संगणकात नोंदी टाकून देतो. बसल्या जागी त्रेचाळीस होतील."

"नको."

"अहो, कोण बघतंय?"

"मी बघतेय. खोट्या नोंदीवर जिंकले तर उद्या त्यांना बोट दाखवायला जागा राहील. मला त्यांच्यासाठी इतकीसुद्धा जागा ठेवायची नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी चार-चार पुस्तकं करत कपाट रिकामं केलं आणि सगळी पुस्तकं काउंटरमागच्या फळीवर आणून लावली. हातात सहा महिने होते.

लताबाईंनी प्रत्येक पुस्तकासाठी माणूस हेरला. पिंकीचं जवळच उपनगर भागात ब्यूटी पार्लर. तिला त्यांनी गोऱ्या मालकिणीच्या मुलींचे केस चाळीस वर्षं विंचरणाऱ्या एका बाईच्या आठवणी दिल्या. चार दिवसांनी पिंकी उंबरठ्यावरूनच ओरडली, "मावशी, काय पुस्तक दिलंत हो! काल गिऱ्हाईकाच्या तोंडाला पॅक लावून मी वाचत बसले. पॅक वाळून दगड झाला तिचा!"

"काय म्हणाली ती?"

"काय म्हणेल? तोंड उघडता येत होतं का तिला?"

कोंडाजी भोर हे इगतपुरीच्या इंजिन शेडमधून निवृत्त झालेले रेल्वेचे खलाशी, म्हणजे मदतनीस, आता मुलाकडे राहायला आलेले. ते फक्त धार्मिक पुस्तकं न्यायचे. लताबाईंनी त्यांच्यापुढे एका काळ्या पोर्टरच्या नातवाने लिहिलेलं पुस्तक सरकवलं. आजोबा रेल्वेत गोऱ्या उतारूंची अंथरुणं घालायचे, आणि उतारू सगळ्या पोर्टरांना एकाच नावाने हाक मारायचे.

"देवाचं हाय का?" कोंडाजींनी विचारलं.

"रेल्वेचं आहे, बाबा."

"मंग देवाचंच की."

आठवड्याने आले ते काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. "बाई, त्यो म्हातारा आमच्या शेडातलाच वाटतो. आम्हांला बी साहेब 'ए खलाशी' म्हनायचा. तेहतीस वर्सं. नाव इचारलं नाय मुडद्यानं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अजून हाय का असलं? लय कडू लागतंय, पर सोडवत नाय."

काही ठिकाणी लताबाई थोडं खोटंही बोलल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणकामगाराची कहाणी त्यांनी एका तरुणाला "रहस्यकथा आहे" म्हणून दिली. इंग्रजी पुस्तकं त्यांनी स्पर्धा परीक्षेच्या मुलांत वाटली. "मुलाखतीला उपयोगी पडतात," असं गंभीर चेहऱ्याने सांगायचं. ज्या आजींना गोड शेवट लागतो त्यांना त्यांनी सरळ सांगितलं, "आजी, याचा शेवट वाईट आहे. पण तुमचं वय आता तेवढं सोसण्याजोगं झालंय." आजींनी रागारागाने नेलं आणि परत आणलं ते सुनेसाठी पुन्हा नावावर घालून न्यायला. मात्र नेणाऱ्याने वाचलं की नाही, याची लताबाई परत घेताना परीक्षा घेत. न वाचता आणलेलं पुस्तक त्या निमूटपणे पुन्हा त्याच्याच पिशवीत घालत.

पहिल्या रांगेत हसलेल्यांपैकी सातजण नियमित सभासद होते. त्या सातही जणांना एकेक पुस्तक गेलं.

डिसेंबरच्या मध्यावर बेचाळीस झाली. एक उरलं. सहाशे पानांची कादंबरी, दक्षिणेतलं शेत सोडून आगगाडीने उत्तरेच्या शहरात आलेल्या एका काळ्या कुटुंबाची. जाडी बघूनच लोक हात मागे घेत.

अशात एका दुपारी पाटणकर वहिनी स्वतः आल्या. शेखररावांच्या पत्नी. एरवी त्यांचा ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन यायचा: दोन कौटुंबिक कादंबऱ्या द्याव्यात.

"लताबाई, जाडसं काही आहे का हो? हे दिवसभर अभ्यासिकेच्या कामात. वेळ जात नाही."

लताबाईंचा हात फळीपर्यंत गेला आणि तिथेच क्षणभर थांबला. शेखररावांच्या घरात, शेखररावांच्या छपराखाली. त्यांना इतकं गोड वाटलं की चेहरा सरळ ठेवायला कष्ट पडले.

"आहे ना, वहिनी. सासू, सुना, भावाभावांची भांडणं, आगगाडी. सगळं आहे."

"कुठली मंडळी?"

"गाव सोडून शहरात आलेली."

"मग घरातलीच म्हणायची," वहिनी म्हणाल्या आणि पुस्तक छातीशी धरून गेल्या. तारीख होती अठरा डिसेंबर. त्रेचाळीस झाली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात समाधान सरांनी संगणकातून बाद यादी काढली. बावीस पानं. दोंद्यांच्या कपाटातलं एकही पुस्तक तीत नव्हतं. चौदाव्या पानावर येऊन सर थांबले. "बाई... साहेबांचं पुस्तक आलंय. अकराच्या अकरा प्रती. तीन वर्षांत शून्य. काढून टाकू ना?"

"इतिवृत्तात काय लिहिलंय, सर?"

"माझी नोकरी जाईल हो."

"'यादी तयार करणार' इथे माझी सही घ्या. तुम्ही फक्त संगणकाचं बटण दाबलंत."

यादी घेऊन लताबाई स्वतः कार्यवाहांच्या खोलीत गेल्या. शेखरराव फोनवर एसीवाल्याशी बोलत होते. फोन खांद्याशी धरून त्यांनी पहिल्या पानावर सही केली, दुसऱ्यावर केली.

"साहेब, एकदा नजर टाका," लताबाई म्हणाल्या.

शेखररावांनी फोनवर हात ठेवला. "अहो बाई, रद्दी कोणी वाचून विकतं का?"

"तरी पण, साहेब. एकदा बघून घ्या."

"वाचायचं काम तुमचं. माझं सहीचं." आणि ते सह्या करत राहिले. दहावं, अकरावं, बारावं. चौदाव्या पानावर त्यांचं स्वतःचं नाव अकरा वेळा छापलेलं होतं. त्याखाली त्यांनी झोकात सही केली आणि पान उलटलं. लताबाई तिसऱ्यांदा काही म्हणाल्या नाहीत. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी वाचलं असतं.

अकरा प्रतींच्या पहिल्या पानावर 'बाद' हा लाल शिक्का लताबाईंनी स्वतः मारला. घाई केली नाही. शाई नवी घेतली होती.

पुस्तकं उचलायला टेम्पो कधी बोलवायचा, हे शेखररावांनीच ठरवलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मंडळ, सभासद सगळे जमलेले असतील, तेव्हा जागा मोकळी होतानाचा फोटो निघावा, अशी त्यांची इच्छा. त्याप्रमाणे सकाळी सुतळीने बांधलेले गठ्ठे पायऱ्यांवर रचून ठेवले. अभ्यासिकेच्या कामाबद्दल शेखरराव दोन शब्द बोलले, टाळ्या झाल्या, टेम्पो मागे येत पायऱ्यांना लागला. कोंडाजी बाबा हौसेने गठ्ठे सरकवायला पुढे झाले. वरचाच एक गठ्ठा त्यांनी उचलला आणि डोळ्यांजवळ धरला. मलपृष्ठावर हात उंचावलेल्या अमेरिकन पुतळ्यापुढे हात उंचावून उभ्या असलेल्या माणसाचा रंगीत फोटो होता.

"आरं!" कोंडाजी म्हणाले. "ह्ये तर आपलं साहेबच हायेत!"

लोक वाकून बघू लागले. कोणीतरी सुतळी सोडून पहिलं पान उघडलं आणि लाल शिक्का सगळ्यांना दिसला. शेखररावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा. "हा चावटपणा कोणाचा?"

समाधान सर खांबाआड गेले. लताबाई पुढे झाल्या. "चावटपणा नाही, साहेब. यादीत आहे. पान चौदा. खाली तुमची सही आहे."

वाचनालयाचे अध्यक्ष वयोवृद्ध डॉक्टर. त्यांनी यादी मागवली, चष्मा लावला आणि सावकाश मोठ्याने वाचलं, "लेकाच्या देशात चाळीस दिवस. प्रती अकरा. तीन वर्षांतील देवघेव, शून्य."

"पण ही लेखकाची भेट आहे!" शेखरराव ओरडले. "स्थानिक लेखक!"

"जयराम दोंदे पण इथलेच होते, साहेब. त्यांचं कपाट याच नियमाने जाणार होतं. 'पुस्तक कोणाचेही असो', तुम्हीच म्हणालात."

"तुम्ही दडवून ठेवलंत! लोकांना दिलंच नाही!"

"दाराशी काचेच्या कपाटात होतं. कोणी मागितलं नाही."

"तुम्ही सुचवलंत कधी?"

"नाही," लताबाई म्हणाल्या. "मी ते वाचलंय. म्हणूनच नाही सुचवलं."

आता हशा पिकला. आणि तो पहिल्या रांगेतल्या त्याच माणसांचा होता, हे लताबाईंनी कानाने ओळखलं. तीन वर्षं तीन महिने त्या या आवाजाची वाट बघत होत्या. पण पुरतं समाधान होईना. म्हणून त्यांनी पुढचं काढलं. "पान एकसष्ट, साहेब. न्यूयॉर्कच्या आगगाडीत एक धिप्पाड काळा माणूस तुमच्या अंगावर धावून आला आणि तुम्ही प्रसंगावधान राखून वहिनींना वाचवलंत, असं लिहिलंय. काळ्यांचं रडगाणं नको म्हणालात, मग तुमचं हे काय होतं?"

"खरं तेच लिहिलंय! विचारा हिला, ही होती बरोबर!"

सगळ्यांनी पाटणकर वहिनींकडे पाहिलं. त्या जिलेबीच्या बशा भरत होत्या. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"तो अंगावर आला नव्हता," वहिनी म्हणाल्या. आवाज फार मोठा नव्हता. "माझा गुडघा दुखत होता. मी दांड्याला धरून उभी होते. तो उठून मला जागा देत होता. तुम्ही माझा दंड ओढलात आणि पुढच्या स्टेशनवर खाली उतरवलंत. दुसऱ्या गाडीत मी वीस मिनिटं उभी होते. तुम्ही पुस्तकात लिहिलंत तेव्हा मला वाटलं, असेल बाई, मलाच नीट कळलं नसेल. आता एक जाड कादंबरी वाचतेय. तिच्यात असे रोज गाडीत बसणारे पुष्कळ आहेत. मला सगळं नीटच कळलं होतं."

कोणी हसलं नाही.

लताबाईंना क्षणभर रागच आला. तीन वर्षं धार लावून ठेवलेला सुरा, आणि नेमका घाव घातला दुसऱ्याच बाईने, जिलेबीच्या हाताने. मग त्यांनी शेखररावांचा चेहरा पाहिला. घाव कोणाचा का असेना, लागला होता खोल. त्यांनी तो चेहरा डोळे भरून पाहून घेतला.

"साहेब, भरू का माल?" टेम्पोवाल्याने विचारलं.

शेखररावांआधी अध्यक्षच म्हणाले, "भरा."

दोन दिवसांनी लताबाईंच्या हातात पत्र पडलं. कार्यवाहांच्या साहित्याची हेतुपुरस्सर अवहेलना केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. लताबाईंनी तो त्याच दुपारी लिहिला, स्वच्छ अक्षरात, प्रत अध्यक्षांना.

"१. बाद यादी मंडळाच्या नियमाप्रमाणे तयार केली. २. यादीवर नजर टाकावी अशी विनंती आपणांस दोनदा केली. ३. सदर पुस्तक वाचकांना सुचवले नाही, हे खरे आहे. सुचवण्याजोगे पुस्तक सुचवणे हे माझे काम आहे. त्याच नात्याने आपणांस काळ्या लेखकाची आगगाडीवरील सहाशे पानी कादंबरी सुचवत आहे. ती सध्या आपल्याच घरी, वहिनींच्या नावे आहे. वाचनालयापर्यंत येण्याची तसदी पडणार नाही."

खुलाशाला उत्तर आलं नाही. अध्यक्षांनी सांगितल्यावर दोंद्यांचं कपाट माळ्यावरून खाली आलं आणि प्रवेशदारापाशी उभं राहिलं. शेखरराव हल्ली मागच्या दाराने येतात.

फेब्रुवारीत एकदा त्यांचा ड्रायव्हर काउंटरवर आला. कादंबरीची मुदत वाढवायची होती. चिठ्ठीवर वहिनींनी लिहिलं होतं: "संपत आली. जेवताना यांना मोठ्याने वाचून दाखवते, म्हणून वेळ लागतो. पुढचं तयार ठेवा."

समाधान सरांनी लताबाईंच्या खांद्यावरून चिठ्ठी वाचली आणि कळवळून म्हणाले, "बाई, आता तरी तुमचा राग गेला असेल?"

"इतक्यात कसा जाईल, सर?" लताबाईंनी मुदत वाढवून शिक्का मारला. "त्यांच्या घरी आत्ता कुठे एक पोचलंय. बेचाळीस बाकी आहेत."